गोठलेला संगणक मेलेला नसतो

‘हँग झालाय ना? मग पॉवरचं बटण दाबून धर. आता जर्नलिंग असतं, काही होत नाही.’

हे वाक्य मी इतक्या जाणत्या माणसांच्या तोंडून ऐकलंय, की ते चूक आहे असं म्हणायला आता धाडस लागतं. दुरुस्तीच्या दुकानात हेच सांगतात, कॉलेजात लिनक्स शिकवणारे हेच सांगतात, आणि कर्नलच्या पोटात काय चालतं हे ज्यांना पक्कं ठाऊक आहे असे प्रोग्रामरही हेच सांगतात. या शेवटच्यांचं मला जास्त वाईट वाटतं, कारण बाकीचे सगळे त्यांच्या शब्दावर विसंबून असतात. म्हणून हा लेख प्रामुख्याने त्यांना उद्देशून आहे.

आधी त्यांची बाजू नीट मांडतो, कारण तिच्यात तथ्य आहे. लिनक्सवर ईएक्सटी-टू ही फाइलसिस्टिम होती तेव्हा वीज गेली की पुढच्या वेळी संगणक सुरू होताना सगळी डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासावी लागे. डिस्क मोठी असली तर त्यात तास जाई. शेवटी ‘लॉस्ट अँड फाउंड’ या फोल्डरात नावं हरवलेल्या, नुसते आकडे लावलेल्या फाइलींचा ढीग सापडे. स्टीफन ट्वीडी यांनी १९९८ साली एका शोधनिबंधात यावरचा उपाय मांडला, आणि नोव्हेंबर २००१ मध्ये ईएक्सटी-थ्री लिनक्सच्या २.४.१५ या कर्नलमध्ये आली. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये ही सोय १९९३ पासूनच होती. कल्पना साधी आहे. फाइलसिस्टिमच्या रचनेत बदल करण्याआधी तो बदल एका वहीत, म्हणजे जर्नलमध्ये, लिहायचा. मध्येच वीज गेली, तर उठल्यावर वही वाचून अर्धवट राहिलेलं काम पुरं करायचं किंवा सोडून द्यायचं. तासांचं काम काही सेकंदांवर आलं. त्यामुळे हे लोक म्हणतात की बंद करण्याबद्दलची सगळी जुनी सावधगिरी हे ईएक्सटी-टूच्या काळातलं सोवळं आहे, ते आता सोडा.

माझा प्रश्न एवढाच आहे: त्या वहीत नेमकं काय लिहिलेलं असतं?

सातबाऱ्याचं उदाहरण घ्या. सातबारा सांगतो की हा गट कुणाच्या नावावर आहे आणि क्षेत्र किती आहे. काल रात्रीच्या गारपिटीनंतर शेतात पीक उभं आहे की आडवं झालंय, हे तो सांगत नाही. ईएक्सटी-थ्रीच्या पुढची ईएक्सटी-फोर तिच्या नेहमीच्या मांडणीत जी वही ठेवते ती अशी सातबाऱ्याची वही असते. फाइलचं नाव, आकार, मालक, डिस्कवरची जागा, एवढंच तिच्यात असतं. फाइलमधला मजकूर तिच्यात नसतो. अचानक वीज तोडून पुन्हा सुरू केल्यावर ‘फाइलसिस्टिम क्लीन’ असा शेरा दिसतो तेव्हा त्याचा अर्थ दप्तर जुळलं इतकाच असतो. तुमचा मजकूर शाबूत आहे असं त्यात कुणीही म्हटलेलं नाही. ‘फाइलसिस्टिमला काही होत नाही’ हे वाक्य पुष्कळदा खरं असतं. ते ऐकणाऱ्याच्या कानात ‘माझ्या कामाला काही होत नाही’ असं शिरतं, आणि बोलणारा त्याला अडवत नाही. माझं भांडण नेमकं या न अडवण्याशी आहे.

आणि ही धास्ती पुस्तकी नाही. ईएक्सटी-फोर डिसेंबर २००८ मध्ये २.६.२८ या कर्नलसोबत वापरायला तयार म्हणून जाहीर झाली. २००९ च्या सुरुवातीला उबुंटूची येऊ घातलेली आवृत्ती तपासणाऱ्या लोकांच्या लक्षात आलं की संगणक कोसळून पुन्हा सुरू झाला की काही फाइली शून्य बाइटच्या होतात. नाव जागेवर, आत काही नाही. कारण असं की नवी फाइलसिस्टिम मजकुरासाठी डिस्कवर जागा देण्याचं काम मुद्दाम लांबणीवर टाकत होती. वेग त्यातूनच मिळत होता. फाइल निर्माण झाल्याची नोंद पाच सेकंदांत वहीत जाई, मजकूर मात्र अर्धा मिनिट किंवा त्याहून जास्त मेमरीतच राही. ईएक्सटी-फोरचे मुख्य शिल्पकार थिओडोर त्सो यांनी तेव्हा स्पष्ट सांगितलं की मजकूर डिस्कवर पोचलाच पाहिजे असं ज्या प्रोग्रामला वाटतं त्याने तसं कर्नलकडे मागायला हवं. पुढे २.६.३० मध्ये त्यांनी काही प्रसंगांपुरती तडजोडही केली: जुन्या फाइलच्या जागी नवी ठेवली जात असेल तर मजकूर लगेच लिहायचा. अगदी नव्या नावाने निर्माण झालेल्या फाइलला मात्र हे संरक्षण आजही नाही.

हा शेवटचा मुद्दा मी सोसलेला आहे. आमच्या छोट्या प्रकाशनाच्या कचेरीत दिवाळी अंकाची पानं लावली जातात. अंक छापखान्यात जायच्या आदल्या रात्री आमच्या मांडणीकार ताई संध्याकाळी सातपासून शेवटच्या दुरुस्त्या करत बसल्या होत्या. जाताना त्यांनी फाइलला नवं नाव दिलं, जसं आपण सगळेच ‘अंतिम’, ‘अंतिम दोन’ असं देतो, आणि सेव्ह म्हटलं. चक्र फिरत राहिलं. माउस हलेना. त्यांनी एका जाणकाराला फोन केला. त्याने तेच वाक्य सांगितलं. सकाळी मी पाहिलं तर फाइलसिस्टिम क्लीन होती, नवं नाव फोल्डरात होतं आणि आकार शून्य बाइट होता. या फाइलकडे मी शेवटी परत येणार आहे.

आता मेमरीत नेमकं काय अडकलेलं असतं ते पाहू. लिनक्सवर एखादा प्रोग्राम फाइल लिहितो तेव्हा मजकूर आधी मेमरीत जातो. नेहमीच्या मांडणीत कर्नल दर पाच सेकंदांनी उठून पाहतो आणि तीस सेकंदांहून जुना झालेला मजकूर डिस्कच्या रांगेत लावतो. रांगेत लावणं म्हणजे पोचणं नव्हे, हे ध्यानात ठेवा. मोकळ्या होऊ शकणाऱ्या मेमरीचा पाचवा हिस्सा अशा न लिहिलेल्या मजकुराने भरेपर्यंत कर्नल प्रोग्रामला अडवत नाही. आठ जीबीच्या यंत्रावर हा साठा एक जीबीच्या पुढे सहज जातो. स्वस्त पेनड्राइव्ह सेकंदाला दहा एमबी लिहीत असेल, तर तो साठा रिकामा व्हायला शंभर सेकंदांहून जास्त लागतील. पडद्यावरची पट्टी शंभर टक्क्यांवर पोचलेली असते, सगळं थिजलेलं असतं आणि माणसाला वाटतं की हँग झाला. प्रत्यक्षात यंत्र त्याचंच काम करत असतं. अशा वेळी बटण दाबणं म्हणजे धान्याचं पोतं रिकामं होत असताना मध्येच गोणीचं तोंड आवळणं. शिवाय पेनड्राइव्हवर बहुधा फॅट-बत्तीस किंवा एक्सफॅट असते. त्यांच्याकडे जर्नल नावाची गोष्टच नाही, त्यामुळे ‘आता जर्नलिंग असतं’ हे वाक्य तिथे सपशेल खोटं ठरतं.

डिस्कच्या आतही एक थांबा आहे आणि त्याची चर्चा फार कमी होते. एसएसडीला स्वतःची मेमरी असते. ‘लिहिलं’ असं ती कर्नलला सांगते तेव्हा मजकूर कधीकधी त्या मेमरीतच असतो. सर्व्हरसाठीच्या महाग डिस्कमध्ये कपॅसिटर बसवलेले असतात. वीज गेली तरी त्या साठ्यावर डिस्क हातातलं काम पुरं करते. घरगुती डिस्कमध्ये ते बहुधा नसतात. २०१३ साली संशोधकांच्या एका गटाने पंधरा एसएसडी घेऊन त्यांची वीज मुद्दाम तोडून पाहिली. तेरा डिस्कमध्ये बिघाड आढळले: कुठे बिट बदलले, कुठे लेखन अर्धवट राहिलं, एखादी डिस्क कायमची गेली. तेव्हापासून डिस्क सुधारल्या आहेत, हे मला मान्य आहे. पण बटण पाच सेकंद दाबून धरणं म्हणजे विजेची तार उपटणंच आहे. मदरबोर्ड चौथ्या सेकंदाच्या आसपास कुणालाही न विचारता वीज तोडतो. एनव्हीएमई डिस्क तर अशा प्रसंगांची मोजणी स्वतःजवळ ठेवते. ‘अनसेफ शटडाउन’ या नावाने तो आकडा वाचता येतो. आपल्या यंत्रावर तो वाचून पाहा. डिस्क बनवणाऱ्यांनी ही गोष्ट मोजण्याजोगी मानली, आणि आपण मात्र ‘काही होत नाही’ म्हणतो.

मग करायचं काय? इथे दुसरा आक्षेप येतो: ‘यंत्र प्रतिसादच देत नाही, तर सांगणार कुणाला?’

प्रतिसाद कोण देत नाही, हे आधी पाहायला हवं. पडदा आणि माउस सांभाळणारा प्रोग्राम हा कर्नल नव्हे. तो अडकला की माणसाला सगळं मेलेलं दिसतं, पण खाली कर्नल डिस्क लिहीत असतो, नेटवर्कला उत्तरं देत असतो, घड्याळ चालवत असतो. कॅप्सलॉकचा दिवा लागतो का पाहा, हा सल्ला सगळे देतात. तो अर्धाच बरोबर आहे. दिवा लागला तर पुष्कळ काही जिवंत आहे हे नक्की. पण चित्रमय पडद्यावर तो दिवाही तोच वरचा प्रोग्राम लावतो, त्यामुळे दिवा न लागल्याने कर्नल मेला असं सिद्ध होत नाही. त्यापेक्षा दुसऱ्या संगणकावरून पिंग करून पाहणं खात्रीचं. पिंगला उत्तर आलं तर कर्नल जागा आहे. एसएसएचने आत जाता आलं तर प्रश्नच मिटला. अडकलेला प्रोग्राम मारा, नाहीतर तिथूनच रीतसर रीबूट सांगा. दुसरं यंत्र नसेल तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-थ्री दाबून साधा काळा कन्सोल येतो का ते पाहा. मेमरी संपून स्वॅप चालू झाला असेल तर तो यायला एखादं मिनिट लागेल. ते मिनिट द्या. पॉवरचं बटणसुद्धा एकदाच, हलकेच दाबून पाहा. तेव्हा वीज तुटत नाही, बंद व्हायची विनंती जाते, आणि यंत्र जिवंत असेल तर ते रीतसर बंद होतं. हलकं दाबणं आणि दाबून धरणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो मी पदवीधरांनाही समजावून दिला आहे.

हे सगळं फसलं तरी एक दार उरतं. ऑल्ट आणि सिसआरक्यू, म्हणजे बहुतेक कीबोर्डवर प्रिंटस्क्रीनचीच कळ, धरून एक अक्षर दाबायचं. हा आदेश वरच्या कुठल्याही प्रोग्रामकडे जात नाही. कर्नल तो थेट ऐकतो. आर कीबोर्ड वरच्या प्रोग्रामच्या ताब्यातून सोडवतो. ई सगळ्या प्रोग्रामना सभ्यपणे थांबायला सांगतो. आय जे थांबले नाहीत त्यांना मारतो. एस मेमरीतलं सगळं डिस्ककडे पाठवतो. यू सगळ्या फाइलसिस्टिम फक्त वाचण्यापुरत्या करतो. बी त्याच क्षणी यंत्र रीसेट करतो. ई आणि आय यांच्यामध्ये थांबायचं असतं, कारण सभ्य विनंतीला उत्तर द्यायला वेळ लागतो. मारियाडीबीसारखा डेटाबेस तेवढ्यात स्वतःला नीट बंद करतो, आणि व्हिमसारखा संपादक न जपलेला मजकूर बाजूच्या फाइलमध्ये ठेवून जातो. एस नंतरही थांबायचं, कारण कर्नल ते काम मागे लावून लगेच मोकळा होतो. काम संपल्याची नोंद कन्सोलवर येते, पण थिजलेल्या पडद्यामागे ती दिसत नाही. आणि शेवटच्या बीने यंत्र रीसेट होतं तेव्हा डिस्कची वीज सहसा तुटत नाही, म्हणून तिच्या पोटातलं लेखन तिला पुरं करता येतं. बटण दाबून धरण्यात हे सुख नाही. माझ्या मते याच एका कारणासाठीही बी पुरेसा आहे.

‘मी करून पाहिलं, काही झालं नाही,’ असं सांगणारे मला वारंवार भेटतात. ते खोटं बोलत नाहीत. ही सहा अक्षरं मंत्रासारखी पाठ करून दाबा असं सांगणाऱ्या आमच्याच बाजूच्या लोकांनी त्यांना अर्धी गोष्ट सांगितलेली असते. यांतली कुठली अक्षरं चालू द्यायची हे कर्नलमधला एक आकडा ठरवतो. उबुंटूमध्ये तो १७६ असतो. एकशे अठ्ठावीस रीबूटचे, बत्तीस फक्त-वाचनाचे, सोळा सिंकचे. म्हणजे तिथे एस, यू आणि बी चालतात. आर, ई आणि आय दाबून काहीही होत नाही. फेडोरात आकडा नुसता १६, म्हणजे एकटा एस. दोन मिनिटं ई दाबत बसलेल्या माणसाला शेवटी वाटणारच की हे सगळं थोतांड आहे. ज्याला सहाही अक्षरं हवीत त्याने सिसकंट्रोलच्या मांडणीत हा आकडा २४४ करावा. कीबोर्डचे चार, प्रोग्रामना संदेश देण्याचे चौसष्ट, आणि वरचे तिन्ही त्यात येतात. हे यंत्र ठणठणीत असताना करून ठेवायचं. थिजल्यावर ते करता येत नाही. लॅपटॉपच्या कीबोर्डवर सिसआरक्यूची कळ कुठे दडली आहे, एफएनसोबत की आणखी कशासोबत, तेही एखाद्या शांत दुपारी एस दाबून तपासून ठेवावं.

यावर सुरक्षेचा आक्षेप घेतात. तो बिनबुडाचा नाही. कीबोर्डजवळ बसलेल्या कुणालाही प्रोग्राम मारायची मुभा दिली तर तो पडदा कुलूपबंद करणारा प्रोग्रामही मारू शकतो. उबुंटूने चौसष्टचा भाग बंद ठेवण्यामागे असाच विचार असावा असं मला वाटतं. सायबर कॅफेत, वाचनालयात, जिथे कुणीही येऊन बसतं तिथे १७६ च राहू द्यावा. एस, यू, बी एवढ्यांनीही मजकूर वाचतो. आणि हे यंत्र रीसेट करण्याइतका जवळ आलेला माणूस तार उपटण्याइतकाही जवळ असतोच.

आता सगळ्यात मजबूत आक्षेप. तो मी एका कर्नल जाणणाऱ्या मित्राकडून ऐकला आणि त्यावर बराच काळ विचार केला. तो म्हणाला, ‘कर्नलचीच मेमरी बिघडलेली असेल तर एस दाबून तू तो बिघाड डिस्कवर उतरवशील. बटण निदान जुनं तरी वाचवतं.’ हे खरं आहे, आणि कर्नललाही ते ठाऊक आहे. तो स्वतःच घाबरून थांबतो तेव्हा पडद्यावर येणाऱ्या संदेशातच ‘नॉट सिंकिंग’ असे शब्द असतात. आता मी काही लिहिणार नाही, असं तो बजावतो. त्या अवस्थेत बटणाला माझी हरकत नाही. पण गोठलेल्या शंभर यंत्रांना एकाच रांगेत उभं करणं मला मान्य नाही. मेमरी संपलेली असणं, पेनड्राइव्हची रांग तुंबणं, ब्राउझर किंवा चित्राचा ड्रायव्हर अडकणं, हे सगळे कर्नल शुद्धीवर असतानाचे आजार आहेत. माझ्या कचेरीत आजवर दिसलेली बहुतेक प्रकरणं यांतलीच होती. मित्राचा युक्तिवाद बेशुद्ध रुग्णाचा आहे. त्यावरून झोपलेल्याच्या छातीवर बसू नये.

विंडोजबद्दल थोडक्यात, कारण तिथेही हाच गोंधळ आहे. एनटीएफएसचं जर्नलही रचनेचंच आहे, मजकुराचं नाही. पडदा काळा पडला तर विंडोज कळ, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबून चित्राचा ड्रायव्हर नव्याने सुरू करता येतो. कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबून येणाऱ्या पडद्यावर कंट्रोल धरून पॉवरच्या चिन्हावर क्लिक केलं तर तातडीच्या रीस्टार्टचा पर्याय मिळतो. न जपलेलं काम त्यात जातंच, पण बटणाआधी तो मार्ग आहे.

‘सामान्य माणसाला हे कसं जमणार?’ असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो: तुम्ही त्यांना ‘बटण दाबून धर’ हे शिकवलंतच ना? तेही कुणी जन्मतः शिकून आलं नव्हतं. त्याऐवजी ‘आधी दोन मिनिटं थांब, मग बटण एकदाच हलकं दाब, मग मला फोन कर’ इतकं शिकवायला तेवढेच शब्द लागतात. आमच्या ताईंना नंतर ऑल्ट आणि सिसआरक्यूची ती तीन अक्षरं शिकवायला मला दहा मिनिटं लागली. त्या संगणकशास्त्र शिकलेल्या नाहीत. पण पानावरची एक वेलांटी चुकली तर त्या अर्धा तास बसतात. असा माणूस तीन अक्षरं लक्षात ठेवतो.

आता ती शून्य बाइटची फाइल. ती मी आजही पुसलेली नाही. ताईंच्या मोबाइलमध्ये जाणकाराला केलेल्या फोनची वेळ ११:३८ अशी आहे. फोनवर बोलता बोलता, कीबोर्डवरच्या सगळ्या कळा आळीपाळीने दाबून झाल्यावर, त्यांनी बटण धरलं. फाइलवर ती निर्माण झाल्याची वेळ मात्र ११:४२ आहे. त्यांनी सेव्ह दाबलं होतं फोनच्या आधी. म्हणजे यंत्र चार मिनिटं झगडत होतं, मेमरी मोकळी करत होतं, आणि अखेर मोकळं होऊन त्यांनी सांगितलेलं काम करायला लागलं होतं. त्याने फाइल निर्माण केली होती. जर्नलने नाव लिहिलं, वेळ लिहिली, दप्तर चोख ठेवलं. सातपासूनच्या दुरुस्त्या मेमरीत होत्या, डिस्ककडे निघायच्या बेतात.

त्याच क्षणी ताईंचं बोट बटणावर होतं.